वहीत नसलेले नाव
बांधकामावरील अपघात आणि श्रमिकाचा हक्क

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त परभणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात दोन नात्यांनी येतो. १९४८ साली याच दिवशी निजामी राजवटीचा अंत झाला आणि परभणीसह हा सारा प्रदेश मुक्त झाला. याच दिवशी विश्वकर्मा जयंती असते आणि भारतीय मजदूर संघ ती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. सकाळी ध्वजवंदन, मग अवजारांची पूजा. त्या पूजेत थापी, ओळंबा, रंधा, करवत मांडले जातात. अवजार धरणारा हात कामावर तुटला तर पुढे काय, हा आजचा विषय आहे.

श्रमाची महती सांगण्यासाठी या जिल्ह्याला बाहेरचा दाखला शोधावा लागत नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळण-कांडण करणाऱ्या या दासीच्या जात्याला हात लावण्यास प्रत्यक्ष पांडुरंग आला, ही कथा येथील घराघरांत ठाऊक आहे. चारठाणा आणि धारासूर येथील मंदिरांचे दगड ज्यांनी घडविले, त्या पाथरवटांची नावे मात्र कोणी जपून ठेवली नाहीत. ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण दोन-तीन वर्षांपूर्वी परभणीत, सेलूत किंवा मानवतमध्ये ज्याने घर बांधले, त्या गृहस्थाला आपल्या गवंड्याचे पूर्ण नाव सांगता येईल का?

घर बांधणारा प्रत्येक मध्यमवर्गीय माणूस एक वही ठेवतो. किती पोती सिमेंट आले, किती ब्रास वाळू उतरली, किती क्विंटल लोखंड लागले, हे सारे त्या वहीत तारीखवार असते. मजुरांची नोंद मात्र ‘चार गडी, दोन बाया’ एवढीच. वास्तविक मालकाच्या मनात आपुलकी नसते असे नाही. स्लॅबच्या दिवशी सर्वांना जेवण असते, वास्तुशांतीला मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा आहेर होतो. परंतु ज्या दिवशी परांचीची फळी सरकते, त्या दिवशी त्या आहेराचा उपयोग नसतो. त्या दिवशी उपयोग असतो तो वहीतल्या नावाचा.

घडते ते बहुधा असे. जखमी मजुराला मिळेल त्या वाहनातून शासकीय रुग्णालयात नेले जाते. केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहून घेतले जाते. सांगणारा गुत्तेदाराचा माणूस असतो आणि नातेवाईक अद्याप गावाहून पोहोचलेले नसतात. माणूस दगावला तर तेराव्याच्या आत दोन प्रतिष्ठित मंडळी मध्यस्थीला येतात. मुद्रांकावर ‘आमची काही तक्रार नाही’ असा मजकूर तयार असतो. विधवेचा अंगठा होतो, काही हजार रुपये हातात पडतात आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. मध्यस्थ पुष्कळदा सज्जनच असतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपण त्या कुटुंबाला मदत केली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

कायद्याच्या दृष्टीने तो कागद निरर्थक आहे. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण त्याचा सांगाडा तोच राहिला आहे. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हाती द्यायची नसते, ती प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. आगाऊ म्हणून दिलेली मर्यादित रक्कम वगळता परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. आणि आपला हक्क सोडून देणारा करार कामगाराने केला, तरी तो करार रद्दबातल ठरतो. म्हणजे अंगठा उमटलेला असला तरी हक्क जिवंत असतो. ही एक गोष्ट गावोगाव पोहोचली तरी पुष्कळ कुटुंबे सावरतील.

मजुराचा दोष दाखवून भरपाई टाळण्याचीही रीत आहे. ‘तो प्यायलेला होता’ हे वाक्य अपघातानंतर पहिल्या तासातच कानी पडते. मद्यपान, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे ही कारणे कायद्याने मान्य केली आहेत. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर यांपैकी कोणतेही कारण मालकाला वाचवू शकत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना घडला, एवढे सिद्ध झाले की पुरे. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी विधवेवर नाही.

आता रकमेचा हिशेब पाहू. कारण वहीचे महत्त्व तेथेच कळते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसासाठी हा गुणक २०७.९८ आहे. रोज पाचशे रुपये आणि महिन्याला २६ दिवस धरले तर वेतन १३,००० होते. त्याचा निम्मा भाग ६,५००, आणि भरपाई १३,५१,८७० रुपये. तोच माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर वेतनाचा ६० टक्के भाग धरतात आणि रक्कम १६,२२,२४४ होते. हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये मासिक १५,००० रुपये ठरविण्यात आली. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. पण समजा, रोजाचा पुरावाच नाही. गुत्तेदार सांगतो, हा माणूस कधीमधी यायचा, महिन्याला सहा हजारही पडत नव्हते. ते मान्य झाले तर १३ लाखांचे ६,२३,९४० रुपये होतात. एका ओळीच्या नोंदीची किंमत सात लाखांहून अधिक आहे.

हात-पाय गमावलेल्यांच्या बाबतीत परिशिष्टात टक्केवारी दिलेली आहे. उदाहरणार्थ, अंगठा गेल्यास ३० टक्के. ही टक्केवारी शेवटचा शब्द नव्हे. ओडिशात एका चित्रपटगृहाच्या कामावर असलेला सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की हे अंशतः अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते अमान्य केले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते ते संपूर्ण अपंगत्वच, असा तो निवाडा. पाहायचे ते किती अवयव गेला हे नव्हे, किती कमाई गेली हे.

परभणी जिल्ह्याचा प्रश्न जिल्ह्यात संपत नाही. जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतून पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात बांधकामाच्या खड्ड्यालगतच्या मजुरांच्या पत्र्यांच्या खोल्यांवर सीमाभिंत कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक बिहारचे होते आणि त्यांत लहान मुलेही होती. मुले कामगार नसतात. भरपाईच्या सूत्रात त्यांना जागा नाही. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे तुळई बसविण्याचे महाकाय यंत्र कोसळून २० कामगार व तंत्रज्ञ गेले. अशा मोठ्या दुर्घटनांची वार्ता देशभर जाते, मंत्री येतात, मदत जाहीर होते. एकट्या-दुकट्याच्या मृत्यूची वार्ता आतल्या पानावरही येत नाही.

पुण्यात मुलगा गेला, आता तेथे खेपा घालणार कोण, असे म्हणून पालममधला बाप गप्प बसतो. त्याला हे कोणी सांगत नाही की दावा अपघात झाला तेथेच करावा लागतो असे नाही. वारस जेथे राहतात, त्या क्षेत्रातही तो दाखल करता येतो. ही सोय १९९५ च्या दुरुस्तीने झाली.

जिल्ह्यातली जोखीम मात्र वेगळ्या प्रकारची आहे. येथे गगनचुंबी इमारती नाहीत. येथे काळी माती आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. पायाचा चर किंवा विहिरीचा काठ बाहेरून घट्ट दिसतो आणि दुसऱ्या क्षणी सरकतो. उतार न देता, आधार न लावता खोल खणणे म्हणजे आत उतरलेल्या माणसाचा जीव पणाला लावणे होय. कोणत्या हंगामात ही माती कशी वागते, हे येथील जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही घाई झाली की तोच शेतकरी माणूस खाली उतरवतो. विहीर खणणे व खोल करणे, बोअर घेणे या कामांचा १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट उल्लेख होता. शेतातली विहीर म्हणजे ‘खासगी काम’, तेथे कायदा नाही, हा समज चुकीचा आहे.

सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना पाच कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यांतील काही एकमेकांचे जवळचे नातलग होते. एक आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि टाकीतला विषारी वायू दोघांनाही सोडत नाही. सुरक्षा साधनांशिवाय अशा टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ पासून कायद्याने मनाई आहे. या दुर्घटनेनंतर पाच महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईतील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. ही टाकी परभणीच्या प्रत्येक नव्या घराखाली आहे.

येथे गृहस्थाश्रमी श्रोत्यांसाठी एक अप्रिय गोष्ट. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले दहा लाखांपर्यंतचे घर वगळले होते. नव्या संहितेत ही मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. परभणीत कितीजण ५० लाखांहून मोठे घर बांधतात? म्हणजे सुरक्षेचे नियम, उपकर, तपासणी यांच्या जाळ्यातून येथील बहुतेक घरे सुटतात. भरपाईचे दायित्व मात्र वेगळे आहे. पूर्वी नैमित्तिक, मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामावरचा मजूर त्यातूनही बाहेर होता. २००० च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजविली. गुत्तेदार नेमला असेल तर पहिली जबाबदारी त्याची. पण ज्याने मजूर अड्ड्यावरून स्वतःच माणसे आणून कामाला लावली, तो गृहस्थ कायद्याच्या भाषेत मालक आहे.

कामगार कल्याणकारी मंडळाबद्दल थोडक्यात. १९९६ च्या केंद्रीय कायद्याचे नियम करायला महाराष्ट्राला २००७ साल उजाडले. वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या श्रमिकाची नोंदणी होते. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख, ७५ टक्के वा अधिक अपंगत्वास दोन लाख, अशा योजना मंडळाने ठेवल्या आहेत. ही रक्कम मालकाच्या भरपाईखेरीज आहे, तिच्याऐवजी नव्हे. लोक रांगा लावतात त्या भांड्यांच्या संचासाठी. थापी कधी हातात न धरलेलेही त्या रांगेत दिसतात, आणि सेंट्रिंगवरचा खरा माणूस दिवस बुडेल म्हणून येत नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती वर्गसंघर्षाची भाषा नाकारून. मालक आणि मजूर हे दोन शत्रूंचे तळ नव्हेत, एका परिवाराचे घटक आहेत, ही ती भूमिका. ती मांडणे सोपे आहे. परिवार म्हटल्यावर घरातला माणूस पडला तर मुद्रांक घेऊन कोणी जात नाही. रुग्णालयात रात्र काढतो. मजदूर संघानेही वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत केले, पण उरलेल्या दोन संहितांतील काही तरतुदींवर आक्षेप नोंदविला. आपल्याच माणसांच्या सरकारशीही असे बोलावे लागते.

कार्यकर्त्याचे काम पहिल्या आठवड्यातच असते. केसपेपरवर ‘कामावर असताना पडला’ असे लिहिले गेले का, पोलिसांत नोंद झाली का, पंचनाम्यात जागेचे आणि गुत्तेदाराचे नाव आले का, हे पाहणारे कोणीतरी हवे. फोनवरून मजुरी पाठविल्याची नोंद, सोबत्यांचे जबाब, कामावरची छायाचित्रे हाच पुरावा. वकिलाच्या शुल्काची चिंता अनेकांना पडते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

दाव्याची मुदत अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असल्यास मृत्यूपासून, दोन वर्षांची आहे. गावात एखादे घर या काळात असे उघडे पडले असेल, मुद्रांकावर अंगठा उमटला असेल, तर ते प्रकरण अजून मिटलेले नाही. दोन वर्षे उलटून गेली असली, तरी पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.