भरवशाचं माणूस

मी मिरजेत राहतो. मिरज हे सतारींचं आणि दवाखान्यांचं गाव. मीरासाहेबांच्या दर्ग्याला येणारी माणसं आणि ऑपरेशनसाठी येणारी माणसं एकाच गाडीतून उतरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशनचं इस्पितळ सुरू केलं. आज तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत. अशा गावात राहणाऱ्याला वाटतं, आपल्याला आजारपणाची काय भीती! मलाही तसंच वाटायचं.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या अम्माला पक्षाघात झाला. वय ७८. उजवी बाजू गेली, जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला आणि बाराव्या दिवशी घरी सोडलं. हातात औषधांची पिशवी आणि एक सूचना, 'दर दोन तासांनी कुशीवर वळवत राहा.' दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा, हे गणित मला घरी आल्यावर उमगलं. इतकी इस्पितळं असलेल्या गावात इस्पितळाच्या फाटकाबाहेर आम्ही अगदी एकटे होतो.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. अम्मावर माझ्या अकरा कविता आहेत. पण तिची चादर बदलली माझ्या बायकोनं. हे आज रेडिओवर कबूल केलेलं बरं.

महिनाभरात बायकोची कंबर धरली. मग मी ब्युरो शोधायला लागलो. घरी रुग्णाजवळ बाई किंवा मामा पाठवणाऱ्या संस्थांना आपल्याकडे ब्युरो म्हणतात. पाच ठिकाणी फोन केले. तीन ठिकाणी माझं नाव सांगितल्यावर पलीकडे थोडी शांतता पसरली आणि 'सध्या बाई शिल्लक नाही, कळवतो' असं उत्तर आलं. कळवलं कुणीच नाही. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र सरळ विचारलं, "तुमच्याकडं खाण्यापिण्याचं कसं असतं? आमच्या काही बायकांना चालत नाही, म्हणून आधीच विचारते." त्या शांततेपेक्षा मला हा प्रश्न फार बरा वाटला. पण त्यांच्याकडे त्या वेळी खरंच कुणी मोकळं नव्हतं. पाचव्यानं दुसऱ्याच दिवशी 'ट्रेंड नर्स' पाठवली. अंगात पांढरा कोट होता. मी अनामत भरली आणि निर्धास्त झालो.

ती अम्माला आडवी ठेवूनच पेज भरवायची. अम्माला ठसका लागायचा. पक्षाघातात गिळणं बिघडतं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, भरवताना माणसाला नीट बसतं करावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. विसाव्या दिवशी बायकोनं अम्माला पुसायला घेतलं, तर माकडहाडाजवळ रुपयाएवढा काळपट डाग. दोन दिवसांत तिथं जखम झाली. ती भरायला तीन महिने लागले. ब्युरोवाले म्हणाले, "दुसरी बाई पाठवतो." अनामत परत मिळाली नाही, कारण कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं. कोट तेवढा दिला होता. आणि मीही तिला एक प्रश्न विचारला नव्हता. भाजीवाल्याला आपण चार प्रश्न विचारतो, मग आईला ज्यांच्या हाती सोपवायचं त्यांना विचारताना संकोच का वाटावा?

आता मला ओळखीचे लोक विचारतात तेव्हा मी आधी हे सांगतो की नर्स वेगळी आणि सांभाळणारी बाई वेगळी. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातल्या नळीतून अन्न, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं. तिची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते आणि तो कागद मागितला तर खरी नर्स रागावत नाही. अंघोळ, भरवणं, वळवणं हे सांभाळणाऱ्या बाईचं काम. तेही शिकावं लागतंच. ब्युरोला विचारावं, की बाई आजारी पडली तर किती तासांत दुसरी येईल, आम्ही दिलेल्या पैशांतले तिच्या हातात किती पडतात, यापूर्वी ती ज्या घरी होती तिथं आम्ही बोलू शकतो का. ओळखपत्राची प्रत आणि पोलिस पडताळणी हवीच. पण मला सर्वांत जास्त कळतं ते मधल्या प्रश्नावरून. जो बाईचे पैसे लपवतो, तो आपल्यापासूनही काहीतरी लपवणार.

आमच्या घरी भरवशाचं माणूस आलं ते ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंमुळे. त्यांनी दुसऱ्या एका घरी एका मावशींचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. मावशी आल्या. गळ्यात तुळशीची माळ. दारातच म्हणाल्या, "मटणाच्या भांड्याला हात लावणार नाही. आईंचं बाकी सगळं करीन. आणि आषाढीला मला पंधरा दिवस सुट्टी लागंल." बायकोनं तिथंच बसून कागद केला. पगार, आठवड्याची सुट्टी, आषाढीची रजा, कामाच्या वेळा. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे.

मावशींनी अम्माला पाच उशांचा आधार देऊन बसवलं. दोन दिवस पाहून मग त्यांनीच विचारलं, "आईंना नमाजाच्या आधी हातपाय धुवायचे असतात न्हवं?" त्या दिवसापासून वेळेला तांब्या आणि घमेलं पलंगाशी यायला लागलं. अम्मा पडल्यापडल्या डोळ्यांच्या खुणेनं नमाज पढायची. बोलणं थोडं परतलं तेव्हा ती आमच्याशी नीट बोलायच्या आधी म्हणाली, "इसे चाय दी क्या?"

पण अजून एक गोष्ट राहिली होती. बायकोला तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सासूबाईंकडे तुम्ही बघता, तुमच्याकडे कोण बघतं?" मी शेजारीच बसलो होतो. चौदा महिन्यांत ती माहेरी गेली नव्हती. त्यानंतर रविवार माझा झाला. मावशींची सुट्टी, बायकोची सुट्टी, अम्मा आणि मी. आषाढीला इचलकरंजीहून बहीण येऊ लागली आणि बायको आठ दिवस कोल्हापूरला जाऊ लागली. सुट्टी मावशींनी मागितली म्हणून बायकोला मिळाली, हेही खरंच.

केरळात ही गोष्ट गावांनी अंगावर घेतली. कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य दुखण्यातल्या रुग्णांसाठी काम सुरू केलं. पुढं शेजारच्या साध्या माणसांना शिकवून घरोघरी पाठवणं सुरू झालं. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरण आणलं. आता तिथं पंचायतींमार्फत नर्स घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्यांना पाहते. आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. सहली आणि वाढदिवस होतात, चांगलंच आहे. पण 'आमच्या गावातल्या विश्वासू बाया आणि मामा' अशी एक वही एखाद्या संघानं ठेवायला काय हरकत आहे?

सरकारी मदतीचं थोडक्यात सांगतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले, पण ते इस्पितळात भरती झाल्यावर. घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. आणि आईवडिलांनो, घर मुलाच्या नावे करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या कायद्यानुसार अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून मागता येतं.

वृद्धाश्रम म्हटलं, की आपल्या डोळ्यांत लगेच सिनेमातलं पाणी येतं. प्रत्येकाची अडचण निराळी असते. ठेवायचंच असेल तर न कळवता, जेवणाच्या वेळी जाऊन या. रात्री किती माणसं जागी असतात ते विचारा. माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार की परत पाठवणार, हेही आधीच विचारा.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मावशी दोन महिने येऊ शकल्या नाहीत. तेव्हा आम्हाला त्यांच्या वहीनं तारलं. शाळेच्या दोनशे पानी वहीत त्या सगळं लिहीत. किती वाजता कुठल्या कुशीवर, पेज किती, लघवी किती वेळा, पाठ कशी आहे. आम्ही दोघं ती समोर ठेवून तसंच करत गेलो. त्या दोन महिन्यांत अम्माच्या पाठीला नवी जखम झाली नाही.

अम्मा २०२२ च्या जानेवारीत गेली. मावशी आता तासगाव वेशीजवळ एका गुरुजींकडे असतात. वही त्यांनी आमच्याकडेच ठेवली. अक्षर मोठं आहे, सहज वाचता येतं. मी तिच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. गल्लीत कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळल्याचं कळलं, की एक नेऊन देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)