मागुराचे अन्न आणि आपले ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मासळी घेताना कल्ला लाल आहे ना, डोळा स्वच्छ आहे ना, हे आपण पाहतो. त्या माशाने काय खाल्ले, हे मात्र विचारीत नाही. आज मला तेवढेच सांगावयाचे आहे.

आपला जालना जिल्हा समुद्रापासून दूर. तरी कडवंचीसारख्या गावी द्राक्षबागांसाठी शेततळी झाली आहेत आणि अशा तळ्यांत मासेही पाळता येतात. देशी मागूर पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून तो थोड्या पाण्यातही तग धरतो. परंतु त्याला प्रथिने भरपूर लागतात. ती देण्यासाठी तारलीसारखी लहान मासळी वाळवून, दळून खाद्यात घालतात. म्हणजे एक मासा पोसण्यासाठी गरिबाच्या ताटातला दुसरा मासा दळावयाचा! थाई मागुराला तर कत्तलखान्यातील सडका माल घालीत असल्याचे आढळले. त्या जातीच्या पालनास देशात बंदी आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर तिचे साठे नष्ट करण्यात आले.

मग दुसरा मार्ग कोणता? समुद्रातील मासळीत ओमेगा-३ नावाचा जो हितकर स्निग्धांश असतो, तो मुळात सूक्ष्म शैवाल तयार करते. ते बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात. तेव्हा मुळाशीच का जाऊ नये? वाळलेल्या स्पिरुलिनात शंभरांत सुमारे ६० भाग प्रथिने असतात. हा स्निग्धांश तिच्यात नसतो. तो स्किझोकायट्रियम या सूक्ष्म जीवात असतो व तो टाक्यांत साखरेवर वाढविता येतो. आपल्याकडच्या सोयाबीनच्या पेंडीत यांचा थोडा भाग मिसळला, तर मासळीची भुकटी बरीच कमी करता येते.

अडचण आहे ती किमतीची. शैवालाची भुकटी अजून महाग पडते. म्हणून आरंभ थोड्या प्रमाणानेच करावा. आणखी एक सावधगिरी सांगते. तळ्यावरची हिरवी साय काढून माशांना घालू नये. तिच्यातील काही जाती विषारी असतात. पाणी फार हिरवे झाले, तर पहाटे त्यातील प्राणवायू संपतो. मागूर तगेल, पण त्याच तळ्यातील रोहू-कटला मरतील.

भगिनींनो, म्हशीला काय घातले यावर दुधाची पारख करणाऱ्या आपण! यापुढे मासळीवाल्या बाईंना एक प्रश्न अवश्य विचारा : “याला खायला काय घालता?” घरोघरच्या गृहिणी हे विचारू लागल्या, म्हणजे तळेवाल्यांना उत्तर शोधावेच लागेल.