चित्रातली ज्वारी, ताटातली डाळ



आमच्या चित्रगटात दर महिन्याला सगळ्याजणी एकाच विषयावर चित्र काढतात. गेल्या वेळचा विषय होता स्वयंपाकाचा माल. शिजलेला पदार्थ काढायचा नाही, चुलीवर चढण्याआधी जे हाताशी असतं तेच काढायचं, एवढीच अट. एरवी "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्या बायाही या विषयाला अडल्या नाहीत. वांग्याचा देठ, सांबाराची जुडी हाताला पाठच असते.

कागद भिंतीवर लावले. म्हाताऱ्या बायांच्या चित्रांत ज्वारीची कणसं, जवस, अंबाडी. सुनांच्या चित्रांत रेशनच्या तांदळाची थैली, तेलाचं पाकीट. सोयाबीन मात्र एकीनेही काढलं नव्हतं, आणि वर्धा जिल्ह्यात तर कापूस-तुरीसोबत शिवारभर तेच दिसतं! याच वर्ध्यात, मगनवाडीत, १९३५ साली गांधीजींनी सोयाबीन शिजवून खाण्याचे प्रयोग केले होते. आज ते आपल्या शेतातून थेट बाजारात जातं आणि घरी येतं ते विकतच्या तेलातून. निंदण-खुरपण बाईने करायचं. पण काय पेरायचं, घरच्यापुरती ज्वारी ठेवायची की नाही, हे ठरवताना तिला कोण विचारतं?

अन्न आणि बाई चित्रात येणं तसं जुनंच आहे. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून खेड्यातल्या जीवनाची चित्रं केली. त्यांत धान कांडणाऱ्या बायाही आहेत. वर्ध्यात १९३४ साली स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ त्या काळात हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ आणि गूळ यांचा प्रचार करत होता. सत्त्वाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण पहाटे उठून जातं ओढायचं कोणी? गिरणी आली तेव्हा माझी आजी काही हळहळली नाही, एवढंच सांगते.

मग आम्ही दुसरा कागद घेतला. पहिल्या कागदावरचा माल शिजल्यावर आपल्या स्वतःच्या ताटात किती आला, ते काढायचं. इथे हात थांबले. एकीने भाकर काढली, शेजारी मिरची. वरणाची वाटी काढली आणि खोडली. म्हणाली, "वरन पोरायले अन् यायले पुरते. माह्या वाटचं पानीच उरते." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा आकडा आपण सभांतून सांगतो आणि पुढे लोहाच्या गोळ्यांवर बोलतो. गोळ्या हव्यातच, पण त्या वाटीचं काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. कार्डावर प्रमुख असलेली ही बाई ताटावर शेवटी बसते, तीही सगळ्यांचं झाल्यावर, भांडं खरवडून.

दोन्ही कागद घरी नेऊन चुलीजवळ लावायचे असं आम्ही ठरवलं. काहीजणींनी लावले. एका घरी सासू दुसऱ्या कागदापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, माझाही काढ. एकीच्या नवऱ्याने मात्र कागद फाडला. तिने तुकडे गोळा करून गटात आणले, आम्ही ते चिकटवले. मागच्या भिंतीवर लावलाय तो, जाताना बघा.