शहरातील बेकाराला हमी कोणाची?



भारतीय संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. महाराष्ट्राने तो हक्क प्रथम व्यवहारात उतरवला. १९७२च्या दुष्काळाचा अनुभव आणि वि. स. पागे यांचा पाठपुरावा यांतून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसायकर घेण्यात येऊ लागला. शहरातील कमावत्याने खेड्यातील बेकाराचा भार उचलावा, हा त्यामागील न्याय योग्यच होता. मात्र शहरात काम मिळतेच, असे त्यात गृहीत धरलेले होते.

नवी मुंबईने हे गृहीतक खोटे ठरवले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. परंतु भूखंड ही जमिनीची भरपाई आहे, कामाची नव्हे. शेत, मिठागर आणि खाडी यांनी पिढ्यानपिढ्या दिलेला रोजगार भूखंडाबरोबर वारसाने मिळत नाही. शिवाय गाव शहरात गेले की ग्रामीण हमीचे छत्रही जाते. भूमिपुत्र आणि परजिल्ह्यातून आलेला मजूर, दोघेही मग कंत्राटदाराच्या मर्जीवर उरतात.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत नाक्यावरच्या मजुराची मजुरी एका रात्रीत थांबली. जो गावी परतला, त्याला तेथे कायद्याने काम मागता येत होते. जो शहरात राहिला, त्याला केवळ शिधा मागता येत होता. एकाच्या हाती हक्क होता, दुसऱ्याच्या वाट्याला दया आली.

शहरी हमी अशक्य आहे, असे म्हणण्यास आता जागा नाही. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली अशा योजना सुरू केल्या. नवी मुंबईत कामांचीही वाण नाही. धारण तलावांतील गाळ, तुंबणारे नाले, खाडीकाठचा कचरा ही सारी कामे माणसांची वाट पाहत आहेत. पैशाचा प्रश्न महाराष्ट्राने व्यवसायकर बसवून एकदा सोडवला होता. जो न्याय शिवाराला लावला, तो नाक्याला का लावू नये, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावयाचे आहे आणि ते मागण्याचे काम संघटित कामगारांनी करावयाचे आहे.