पाठीच्या कण्यातल्या शिरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कंबर दुखत नाही अशी बाई आपल्या मंडळात शोधावीच लागेल. तरीही मणक्याचे ऑपरेशन म्हटले की धडकी भरते. आमच्या थोरल्या जाऊबाईंचे ठरले तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, की या स्थूल बाईला तासन्‌तास पालथे कसे निजवणार? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून उत्तर दिले. पुढे मीही वाचले. तेच आज सांगते.

हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि परत आणते ती नीला, हे आपण शाळेत शिकलो. पायातल्या नीलांना आतून झडपा असतात, म्हणून रक्त वर चढते, मागे घसरत नाही. कमरेच्या मणक्यांच्या पोकळीत मात्र, मज्जातंतूंच्या पिशवीभोवती, पातळ भिंतीच्या नीलांचे जाळे आहे. त्यांना रक्त अडवणाऱ्या झडपा नाहीत. दाब कमी तिकडे रक्त जाते. हे जाळे पोटातल्या मोठ्या नीलेशी जोडलेले असते. चाळीत खालच्या बिऱ्हाडाने नळ बंद केला की वरच्या मजल्यावर पाणी चढते ना, तसेच हे. पोट दाबले गेले की रक्त मणक्यांकडे वळते आणि तिथल्या शिरा टम्म फुगतात.

म्हणून रोग्याला पालथे निजवतात, पण पोटावर नव्हे. छाती आणि कमरेची हाडे गाद्यांवर टेकवून पोट मधे मोकळे सोडतात. असे केले नाही तर फुगलेली शीर जराशा धक्क्याने फाटते, आणि इवल्याशा जागेत रक्त भरले की मज्जातंतू दिसेनासा होतो. रक्त किती जाईल हे पुष्कळसे या निजवण्यावर असते!

काही वेळा सरकलेल्या गादीपर्यंत पोटाच्या बाजूने जातात. तिथे डावीकडची मोठी नीला एका आडव्या शिरेने कण्याला जखडलेली असते. दावे न सोडता वासरू ओढावे तशी ती ओढली तर शीर तुटून रक्ताचा पूर येतो. म्हणून चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीशी काम असले की आधी ती शीर बांधून कापतात.

बाळंतपणाशीही याचा संबंध आहे. दिवस भरलेली बाई उताणी निजली की गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो, मग रक्त कण्याच्या वाटेने वर जाते. सीझरच्या वेळी उजव्या कुशीखाली उशी देऊन पोट डावीकडे कलते करतात ते यासाठी. तिथल्या शिरा फुगून जागा कमी होते. पाठीत द्यायचे भुलीचे औषध अशा बाईला थोडे पुरते, त्याचे हे एक कारण.

आता जरा नाजूक गोष्ट. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉ. बॅटसन यांनी 1940 साली दाखवून दिले की या बिनझडपांच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी फुप्फुसांत न जाता थेट मणक्यांत पोचू शकतात. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरतो तेव्हा मणके पुष्कळदा त्यात असतात. ज्या भगिनीचे पूर्वी असे ऑपरेशन झाले असेल तिने नव्याने सुरू झालेली, रात्री झोपू न देणारी पाठदुखी तेल चोळून अंगावर काढू नये. डॉक्टरांना जुना आजार आपण होऊन सांगावा. तो लाजेने लपवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.