मराठी ख्रिस्ती मंडळी आणि आजचे प्रश्न

महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाज जेमतेम एक टक्का आहे. श्रद्धा जपायची आणि मराठीपणही टिकवायचे, हा या समाजापुढचा जुनाच प्रश्न.

नागपूरहून राजनांदगावला जाताना एका रेल्वे प्रवासात कवी नारायण वामन टिळकांना सहप्रवाशाकडून बायबल मिळाले. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, भजन-कीर्तन उपासनेत रुजवले. परकी चाल आणि मिशनचा पगार यांवर मंडळीने कायम विसंबू नये, हा त्यांचा ध्यास होता. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मराठी चर्चला लाभलेली ही सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल.

दुसरा प्रश्न पंथभेदाचा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांना एका छताखाली आणणे सोपे नव्हते. वाटाघाटी अनेक दशके चालल्या होत्या.

जातीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडलेला आहे. त्यात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. त्यांच्यावरचा हा अन्यायच आहे. शिवाय, शिक्षण-नोकरीसाठी तरुण शहरांकडे जातात, तेव्हा गावातल्या लहान मंडळीत रविवारची उपासना चालवायला माणसे कमी पडतात.