हातातील वस्तू आणि ‘शेअर’ची आज्ञा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आपल्यापैकी काही जण शाळेच्या कामासाठी मोबाइल अ‍ॅप स्वतः तयार करू लागले आहेत. त्यांच्या उद्योगाचे कौतुक करून मी आज एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे ‘शेअर’ ही आज्ञा.

आमच्याच शाळेत घडलेली हकिकत सांगतो. आमच्या अ‍ॅपमध्ये पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एकच ‘शेअर’ होते. एका गुरुजींनी एका मुलीचे प्रगतिपत्रक उघडले आणि तिच्या वडिलांस पाठविण्यासाठी ते दाबले. गेली मात्र साऱ्या वर्गाची गुणयादी! सायंकाळपर्यंत ती गावभर झाली. यादीत ज्याचे नाव अखेरचे होते, तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. दोष गुरुजींचा नव्हता. त्यांच्या हाती काय आहे हे न ओळखणाऱ्या आज्ञेचा होता.

कोणी एक वही मागितली तर आपण कपाटाची किल्ली देत नाही. हाच न्याय येथे लावावयाचा. मुलाच्या नावावर बोट दाबून धरले की ‘या विद्यार्थ्याचे प्रगतिपत्रक पाठवा’ एवढीच आज्ञा दिसावी. कविता उघडी असेल तर ‘मजकूर पाठवा’ व ‘ध्वनिफीत पाठवा’ अशा दोन असाव्यात. हजेरीच्या पानावर ‘आजची पटावरील उपस्थिती पाठवा’ असावी. आधार क्रमांक वा आरोग्याची नोंद जेथे असेल, तेथे शेअरची आज्ञाच नसावी. आज्ञेच्या नावात वस्तूचा उल्लेख असला, म्हणजे दाबणाऱ्याची फसगत होत नाही.

यंत्राची रचनाही याला अनुकूल आहे. अँड्रॉइडमध्ये आपले अ‍ॅप पाठवावयाच्या वस्तूचा प्रकार सांगते: मजकूर, चित्र किंवा ध्वनी. तो प्रकार स्वीकारणारी अ‍ॅपेच मग यादीत दिसतात. पूर्वी फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या अ‍ॅपच्या हाती देता येत असे. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून त्यास आळा बसला. त्याऐवजी त्या एकाच फाइलपुरती वाचनाची तात्पुरती परवानगी द्यावयाची असते. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये नेहमीच्या व्यक्ती व गट या यादीतच चटकन दिसण्याची सुधारित सोय झाली. सोय चांगली, परंतु घाईत बोट चुकीच्या गटावर पडू शकते. म्हणून संपूर्ण वर्गाची माहिती पाठविण्यापूर्वी अ‍ॅपने ‘संपूर्ण वर्गाची यादी पाठवावयाची काय?’ असे अवश्य विचारावे.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. परंतु कायदा नसता तरी मुलाची लाज राखणे हा आपला धर्मच आहे.

तेव्हा अ‍ॅप लिहावयास बसण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि प्रत्येक पडद्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. येथे कोणती वस्तू आहे? ती मिळण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यासाठी कोणती आज्ञा पुरेशी आहे? तिसऱ्या उत्तरात जी आज्ञा येणार नाही, ती अ‍ॅपमध्येही येऊ देऊ नये.